चष्मा सुटल्यावरचा समुद्र

नाना, माझा चष्मा सुटला. चौथीत असताना सुरतेतल्या भेस्तानच्या खोलीवरून सायकलच्या दांडीवर बसवून तुम्ही मला चष्मा करायला नेलं होतं. परत येताना मी दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत सुटले आणि तुम्ही एकदम गप्प झालात. आपल्याच पोरीला इतके दिवस नीट दिसत नव्हतं आणि आपल्याला कळलंही नाही, हे तुम्हाला लागलं होतं. त्या चष्म्यावरच मी शिकले, सुरतेजवळच्या सचिन गावातल्या कारखान्यात साड्यांची डिझाइनं काढायला लागले. यंदा मात्र डोळ्यांवर लेसर करून घेतलं.

उन्हाळ्यात गावी गेलो की तुम्ही आम्हा भावंडांना तापीवर न्यायचात. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेलेलं, त्यामुळे नदीतही तुम्ही ओरडूनच बोलायचात. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून हात पसरायचात, "ये बेटा, भिऊ नको, मी शे ना." मी काठावरून सांगायचे, चष्मा काढला की मला काही दिसत नाही. एकदा तुम्ही रागावलात. पाणी डोळ्यांनी नाही, अंगानं समजतं, म्हणालात. मग बाहेर आलात, माझा चष्मा कोरड्या सदऱ्याच्या टोकानं पुसून मला दिलात आणि पुन्हा कधी बोलावलं नाही.

ऑपरेशननंतरचे दिवस वाईट होते. खोलीचे पडदे ओढलेले, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी जळजळ, आणि लेक उशाशी बसून थेंब घालते आहे. पुढच्या तपासणीला तिनं डॉक्टरांपुढे विषय काढला. तिला मालवणला समुद्राखाली उतरायचं होतं, स्कूबा डायव्हिंग, आणि तेही मला घेऊन. मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते म्हणाले, इतक्यात नाही. बुबुळावरचा पडदा पुरता भरून येऊ दे, काही महिने जाऊ देत, मी तपासून हो म्हणेन तेव्हा जा. आणि खाली गेल्यावर नाकातून थोडी थोडी हवा मास्कमध्ये सोडत राहा, नाहीतर दाबानं मास्क डोळ्यांना ओढतो.

हिवाळ्यात त्यांनी हो म्हटलं. तापीवरचं माझं चष्म्याचं कारण लेकीला ठाऊक होतं; रिक्षात मी कुरकुर सुरू केली तशी ती म्हणाली, "हवे तो चश्मा पण नथी, मम्मी. आता काय सांगशील?"

तेव्हा तिला खरं सांगितलं. तापीवर मला दिसायचं, नाना. धूसर, पण तुमचे पसरलेले हात दिसायचे. भीती पाण्याचीच होती, चष्मा नुसता पुढं करायचे.

ती म्हणाली, "मला पण लागे छे बीक. दोघी मिळून भिऊ."

आणि मालवणला समुद्रात उतरलो. सगळं शिकवलेलं मी पहिल्या काही क्षणांत विसरले. मास्क चेहऱ्यात रुतायला लागला, डोळे कुणी बाहेर ओढतंय असं वाटलं. आता हा पडदा सोलून निघतो, एवढंच डोक्यात. सोबतचा शिकवणारा आपल्या नाकावर बोट ठेवून खुणावत होता. मी नाकातून हवा सोडली आणि ती पकड सुटली. समोर खडक होते, पिवळ्या पट्ट्यांचे मासे होते. मी मात्र लेकीकडेच बघत होते. काचेआड तिचे घाबरलेले डोळे, पापणीन् पापणी स्वच्छ दिसत होती. मी तिचा हात धरला. तिला वाटलं, मी आधार मागतेय. मी देत होते.

वर आले तर एका डोळ्याचा पांढरा भाग लालभडक. सुरतेला येईपर्यंत लेक रडवेली झाली, हे माझ्यामुळं झालं म्हणत राहिली. डॉक्टरांनी तपासलं. मास्कच्या ओढीनं बारीक रक्तवाहिनी फुटली आहे, लाली आपोआप जाईल, ऑपरेशनला धक्का नाही, म्हणाले. लेकीनं मोठा श्वास सोडला आणि औषध आणायला खाली गेली.

ती गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, पुन्हा कधी उतरता येईल. हे तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही गेल्यावर लिहिलेलं हे पत्र कुठं जाणार नाही.