पोळ्याचा समेट

पोळ्यानंतरचा रविवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. पोळ्याला तोरणाखालून जायचा पहिला मान पाटलाच्या जोडीचा; ती यायला उशीर झाला, म्हणून दादानं आमचे बैल आधी काढले. एवढ्यासाठी पाटलाच्या पुतण्यानं दादाचा हात मोडला. आज चावडीवर पंचांनी समेट घडवला म्हणे!

"गळाभेट घ्या," म्हणाले. पुतण्यानं अशी मिठी मारली की प्लास्टरचा हात मधेच चेपला. दादा कळवळला, लोकांना वाटलं गहिवरला. टाळ्या! मग अट घातली, पुढल्या साली आमची जोडी सगळ्यांत शेवटी. आणि पुतण्याला? त्याला चहा.

वाटेत दादानं विचारलं, "तू मास्तर हायेस. समेट म्हंजे काय रे?"

"दोघंही थोडं थोडं मागं सरतात, तो समेट."

"मंग तो कुठं सरला?"

शाळेत किती सहज शिकवतो मी हा शब्द.

आता दादा अंगणात बैलांच्या शिंगांचा रंग रॉकेलच्या चिंधीनं खरडून राह्यलाय. एकाच हातानं. प्लास्टरचा हात छातीशी.

"राहू दे ना दादा, जाईल आपोआप."

"शेवटी उभं राहाले रंग काऊन लागते?" म्हणाला, आणि दुसरं शिंग धरलं.