कुकरमधला चिखल

इंदिरानगर, मंगळवार संध्याकाळ

गेल्या आठवड्यात माझी चिखलाची बॅटरी बघून विज्ञानाचे सर वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या दिंडोरीच्या द्राक्षबागेत मोरचूद फवारतात. तुझ्या चिखलातला करंट त्यातल्या तांब्याचा आहे, जिवाणूंचा नाही."

त्याच दिवशी बागेतून आणलेला अर्धा चिखल आईच्या कुकरमध्ये शिजवला. ती म्हणाली, "आता यात वरण लावू का मी?" दोन बरण्या भरल्या, एक कच्च्या चिखलाची, एक शिजवलेल्या.

आज मीटर लावला. कच्च्यात करंट आहे, शिजवलेल्यात नाही. तांबं तर दोन्हीत सारखंच. कुकरमध्ये मेले ते जिवाणू, पेशीतले इलेक्ट्रॉन प्रथिनांच्या तारेसारख्या धाग्यांवरून बाहेर सोडणारे.

उद्या दोन्ही बरण्या सरांच्या टेबलावर ठेवणार. नाहीच पटलं तर, म्हणून कुकरही नेतेय. स्वतः शिजवून बघा म्हणावं.