मोहाची जाळी

चंद्रपूर

गुणाबाई,

तुमची दिव्यानी पहिल्या वर्षाला माझ्याकडे डिझाइन शिकते. मोहफुलं वेचताना तुमची कंबर धरते, म्हणून तिनं फुलं वरच्यावर झेलायला झाडाखाली बांधायची जाळी बनवली. वर्गात इतकं चांगलं काम कुणाचंच नव्हतं. पण परीक्षेत माहिती इंग्रजीतच सांगायची, असा नियम. ती अडखळली, पोरं हसली.

"मॅडम, मराठीत सांगू काय? मले सगळं येते."

शेजारी बाहेरचे परीक्षक बसले होते. मी "नाही" म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी ती होस्टेल सोडून अहेरीला तुमच्याकडे गेली.

तिला परत पाठवा, माझं चुकलं, एवढंच लिहायचं होतं. पण तुमच्या घरी वाचता येतं फक्त तिलाच. माझी माफी तिच्याच तोंडून तुम्हाला कशी ऐकवू?

तिची मॅडम,
रश्मी