आरोपी मांजर आणि माझ्या तीन टेस्ट

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
शिंका: चौदा. दात घासायच्या आत.
कारण उघड आहे. दोन महिन्यांपूर्वी सासरे कायमचे राहायला आले, सोबत मांजर. तिचं नाव बाई. तेही आदरार्थी. "बाई जेवल्या का?" असं घरात विचारतात. मी जेवलो का, हे कोणी विचारत नाही.
बायको म्हणते, तुम्ही लग्नाच्या आधीपासून शिंकताय. भावनिक युक्तिवाद. मला पुरावा हवा. संकल्प: ॲलर्जी टेस्ट. रिपोर्ट आला की बाईंची रवानगी बायकोच्या मावशीकडे. मी वाईट दिसणार नाही, विज्ञान दिसेल.

५ फेब्रुवारी
डॉक्टरांकडे गेलो. निदान मीच सांगून टाकलं, त्यांचा वेळ वाचावा म्हणून. त्यांनी तरीही तपासलं.
आधी स्किन प्रिक टेस्ट. हातावर वेगवेगळ्या गोष्टींचे थेंब ठेवायचे, प्रत्येक थेंबातून हलकंसं टोचायचं. वीस मिनिटांत जिथे डास चावल्यासारखं फुगेल, ती वस्तू गुन्हेगार. फक्त आधी सात दिवस शिंकांची गोळी बंद. म्हटलं, सात काय, सत्तर दिवस घेत नाही.

१० फेब्रुवारी
ऑफिसात मीटिंग होती. अर्धी गोळी घेतली. अर्धी म्हणजे धरतच नाहीत.

११ फेब्रुवारी
उरलेली अर्धी घेतली. फेकायची कशाला?

१२ फेब्रुवारी, दुपारी
टेस्ट झाली. एकही थेंब फुगला नाही. एक थेंब तर कोणाच्याही हातावर फुगतोच, टेस्ट चालू आहे हे कळावं म्हणून ठेवतात. तोही नाही. डॉक्टरांनी विचारलं, गोळी घेतली होती का? मी म्हटलं, पूर्ण अशी नाही. त्यांनी कागदावर मोठी फुली मारली. टेस्ट बाद.
मी पॅच टेस्टबद्दल विचारलं. म्हणाल्या, ती वेगळी. दागिन्यातला धातू, सेंट असल्या गोष्टींनी कातडीला खाज सुटते, त्यासाठी पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवस ठेवतात. शिंकांसाठी तिचा उपयोग नाही.
आणि घरी काही प्रयोग करू नका, असंही म्हणाल्या. का म्हणाल्या कोण जाणे.

१३ फेब्रुवारी
घरी प्रयोग. सोफ्यावरून बाईंचे केस गोळा केले, चिकटपट्टीच्या मधोमध ठेवले. पाठीवर स्वतःचा हात पोचत नाही. बायकोने साफ नकार दिला. शेवटी सासऱ्यांकडून लावून घेतली. पाठदुखी सांगितली. त्यांनी चारही कोपरे नीट दाबून लावले. वर पाठीला शेक देऊ का विचारलं. थोडं कसंतरी झालं. पण विज्ञान म्हटलं की मन घट्ट करावं लागतं.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी
पट्टी काढली. पाठ लाल! खाजही सुटली आहे. जेवताना शर्ट वर करून सगळ्यांना पुरावा दाखवला आणि बाईंनी पुढच्या रविवारपर्यंत मावशीकडे जावं असं सुचवलं.
सासऱ्यांनी जेवण संपवलं, ताट धुतलं, खोलीत गेले. डोकावलो तर बॅग भरत होते. मी म्हटलं, अहो, बाईंचं सामान तर एक वाटी. ते म्हणाले, "बाई जिथे, तिथे मी. तुमच्या सासूबाई गेल्या; त्यांनी पाळलेलं मांजर आहे हे, जावईबापू."
   
हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता.

१७ फेब्रुवारी
डॉक्टरांना पाठ दाखवली. आधी हसल्या, मग माफी मागितली. मधे जिथे केस होते तिथे कातडी स्वच्छ. कडेची चौकट तेवढी लाल. चिकटपट्टीच्या गोंदाचा त्रास असावा म्हणाल्या.
मग रक्ताची टेस्ट सांगितली. हिच्यात गोळी घेतलेली असली तरी फरक पडत नाही. हे आधी का नाही सांगितलं? नळीत रक्त चढताना बघितलं आणि नंतरचं आठवत नाही. शुद्धीवर आलो तर आडवा होतो आणि फॉर्म बायको भरत होती.

२१ फेब्रुवारी
लॅबमधून रिपोर्ट आणला. मांजर: शून्य. धुळीतले बारीक किडे: सगळ्यात वरची पायरी. डॉक्टर म्हणाल्या, हे गादीत आणि उशीत राहतात. उशी किती जुनी? म्हटलं, लग्नाच्या आधीची.
रिपोर्ट ऑफिसच्या बॅगेत ठेवला आहे. लपवलेला नाही. योग्य वेळ यावी लागते.

२३ फेब्रुवारी, रविवार
शिंका: अकरा.
योग्य वेळ आली. सासऱ्यांच्या खोलीत गेलो. खूप विचार केला आणि बाईंना राहू द्यायचं ठरवलं, माझ्या तब्येतीचं काय व्हायचं ते होवो, असं सांगितलं. आवाज जरा भरून आला होता.
सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "फॉर्मवर मुलीने स्वतःचा नंबर दिला होता. रिपोर्ट आम्ही शुक्रवारीच वाचला. तुम्ही कधी सांगता, ते बघत होतो."
बॅग बघितली. कपडे केव्हाच कपाटात गेले होते. आत बाई झोपल्या होत्या.
दर रविवारी अभ्रे आणि चादरी गरम पाण्यात मी धुवायच्या, असं माझ्या गैरहजेरीत ठरलं आहे. पाणी तापलंय, अशी हाक आली.