डावीकडच्या चित्रातली बाई

६ ऑक्टोबर

काय करून बसलो हे!

मधुवंती भोपाळला, बहिणीकडे. दिवाळीची सफाई निघालेली. म्हटलं, तिच्या आजोबांची दोन इटालियन चित्रं आपणच स्वच्छ करू, आल्यावर खूश होईल. आजोबा दरबारच्या बांधकाम खात्यात होते, तेव्हापासून ती मधुवंतीच्या माहेरी होती, आमच्या लग्नानंतर इथे आली. पडक्या कमानी, मोडके खांब, छप्पर उडालेलं देऊळ — कुण्या चित्रकाराने मनानेच रचलेले अवशेष, अशी जागा जगात कुठेच नाही. चित्रं जोडीची. डावीकडे कमानीखाली लाल शालीतली बाई, उजवीकडे काठीला टेकून तिच्याकडे बघणारा माणूस.

स्पिरिट घेतलं. छत्तीस वर्षं कॉलेजात केमिस्ट्री शिकवली ना मी! कापसाचा बोळा फिरवला, काळपट थर निघाला, आकाश निळं दिसू लागलं. मग हाताला चेव आला. पुढच्या बोळ्यावर लाल रंग. वर पाहिलं — कमानीखाली बाई नाही. नुसता तपकिरी डाग.

स्पिरिटमध्ये काय काय विरघळतं हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायचो. उजवीकडच्या चित्राला मग हात लावला नाही.

७ ऑक्टोबर

मधुवंती आली. बॅग खांद्यावरच, चित्रासमोर उभी. "हे काय झालं?"

मी म्हणालो, "बेबी पुसत होती काल."

कोणी केलं, असं तिने विचारलंही नव्हतं. बेबी चौदा वर्षं आमच्याकडे धुणंभांडी करते. मी हे बोललो तेव्हा ती आत भांडी घासत होती. नळ चालू होता, तिने ऐकलं नसेल — अशी आपली मी समजूत घालतोय.

८ ऑक्टोबर

"बेबीला मी हातोदला पाठवून दिलं, लेकीकडे." मधुवंतीने आवाज चढवला नाही. मी म्हणालो, बरं. बरं! मग पेपर उघडून बसलो. एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

१२ ऑक्टोबर

मधुवंतीने आज सांगितलं — लहानपणी चित्रातल्या बाईचं नाव तिने कुमुदिनी ठेवलं होतं. शाळेतून आली की सगळं तिला सांगायची. वर्गातल्या बाई रागावल्या, गणितात किती मिळाले, सगळं. आई गेली त्या वर्षी तर रोज. "घरात कोणाला टाइमच नव्हता ना माझ्यासाठी," म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. मी चहा मागितला.

१५ ऑक्टोबर

लाज वाटते. दाढी करतानाही आरशात नीट बघवत नाही.

२० ऑक्टोबर

दिवाळी. शेजारचे संजीव फराळाचं ताट घेऊन आले. चित्र बघून थबकले. "अरे भिया, ये क्या हो गया?" मधुवंती लाडूचा डबा हातात धरून माझ्याकडे बघत उभी. उत्तर मलाच द्यावं लागलं. "कामवालीने पुसलं."

"इन लोगों के भरोसे कुछ छोड़ना ही नहीं," संजीव म्हणाले.

मी मान हलवली. चौदा वर्षांत बेबीने घरातला चमचा इकडचा तिकडे केला नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा दोन महिने माझी पथ्याची पेज तिनेच केली. आणि मी मान हलवली! खोटं एकदा घाबरून निघालं असेल. दुसऱ्यांदा मी ते सवयीने बोललो.

संध्याकाळची भांडी मी घासली. तेवढ्याने काय होणार.

२४ ऑक्टोबर

ठरलं. उद्या हातोद. आधी बेबीची माफी, मग घरी येऊन मधुवंतीला सगळं सांगायचं. मधुवंतीला म्हणालो, जुन्या विद्यार्थ्याकडे जाऊन येतो. हे आणखी एक खोटं. ती फक्त म्हणाली, "सकाळचीच बस घ्या. दुपारी गर्दी असते."

२५ ऑक्टोबर

बेबी लेकीच्या दारात गहू निवडत बसली होती. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. शेवटी रडायलाच आलं. तिने आतून पाणी आणून दिलं.

"मी तर त्याच दिवशी बाईंना बोलले, मी हात नाही लावला. बाईंनी लगेच मानलं."

"मग तुला कामावरून काढलं कशाला?"

"काढलं कुठे, साब? छुट्टी दिलीय. रोज शामच्या टाइमला फोन येतो बाईंचा. एकच पूछतात — साहेब आले का?"