कुठेच गुळगुळीत नसलेली रेषा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ८.४०
पहाटे पाचला उठायचं ठरलं होतं. उठलो नाही. अलार्म क्रांतीने बंद केला. ती म्हणते, तुम्हीच केलात, झोपेत. पीएचडीचा वेळ बायकोशी वाद घालण्यात घालवायचा नाही, हा आजचा पहिला संकल्प.
परिस्थिती अशी: नववं वर्ष. शेवटची मुदतवाढ. १७ तारखेला युनिव्हर्सिटीत कमिटीपुढे सादरीकरण. पटलं नाही तर रजिस्ट्रेशन रद्द. चौदा दिवस म्हणजे भरपूर.

४ नोव्हेंबर
विषय पुन्हा लिहून काढतो, म्हणजे डोकं ठिकाणावर राहतं. एक लाट घ्यायची. तिच्यावर तिच्याहून बारीक लाट चढवायची. त्यावर आणखी बारीक. असं अनंत वेळा. जी रेषा तयार होते ती कुठे तुटत नाही, पण गुळगुळीतही कुठेच नसते. कितीही मोठी करून बघा, कंगोऱ्यावर कंगोरे. स्पर्शरेषा टेकवायला एक बिंदू मिळत नाही. जर्मन गणितज्ञांनी हे सिद्ध केलं आणि दीडशे वर्षं सगळं जग ते मान्य करून बसलंय.
मला पटत नाही. एक तरी गुळगुळीत जागा असणारच. ती शोधली की झालो डॉक्टर.

७ नोव्हेंबर. दुपारी ४.१५
सापडली!!! कॉम्प्युटरवर रेषा मोठी करत गेलो. कंगोरे, कंगोरे, कंगोरे... आणि एकदम सपाट! दुसरीकडे बघितलं, तिथेही. तिसरीकडेही! एक शोधायला गेलो, रेषाभर सापडल्या. नाद खुळा.
क्रांतीला बोलावून दाखवलं. म्हणाली, बरं झालं, आता तेवढा सिलिंडर जोडा.

८ नोव्हेंबर
गुंडू वस्तादांना सहज बोललो. अगदी सहज. वस्ताद म्हणजे आमच्या तालमीचे सर्वेसर्वा. त्यांनी एवढंच विचारलं, सर, चीत कुणाला केलं? म्हटलं, जर्मनांना.

१० नोव्हेंबर
चौकात फ्लेक्स लागला. दहा बाय पंधरा. ‘जर्मनांना गणितात अस्मान दाखवणारे ढाण्या वाघ प्रा. डॉ. कृष्णात सर! नाद करायचा नाय!’ खाली तालमीतल्या बावीस पोरांचे गॉगलवाले फोटो. माझा फोटो लग्नातला.
म्हटलं, वस्ताद, ‘डॉ.’ जरा लवकर होतंय. ते म्हणाले, निकालाची वाट बघाय आपण काय परगावचं हाय व्हय? इलेक्शनला गुलाल बी आदल्या दिवशीच आणतोय की.
मी विरोध केला. थोडा.

१२ नोव्हेंबर
आमची तेजस्वी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. विचारते, पप्पा, प्रोग्राममध्ये लाटा किती घातल्या? म्हटलं, बारा. तेराव्या लाटेला लॅपटॉप बंद पडतो. तर म्हणे, मग सगळीकडे गुळगुळीतच येणार की. मोजक्या लाटांची बेरीज गुळगुळीतच असते, कंगोरे अनंत लाटा घेतल्यावर येतात.
डोकंच फिरलं. म्हटलं, पहिल्या वर्षाला आहेस, पहिल्या वर्षासारखी वाग. अनंत म्हणजे तरी काय, बाराच्या पुढचं! त्या पुढच्या लाटा इतक्या चिमुकल्या, त्यांना विचारतंय कोण?
नंतर दिवसभर काम झालं नाही. च्यायला, या घरात अभ्यासाचं वातावरणच नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
छान चाललं होतं. सातव्या स्लाइडला बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, लाटा किती घेतल्या? बारा म्हणालो. गाइड सर खिडकीबाहेर बघायला लागले. मॅडम हळूच म्हणाल्या, अहो, मग ती गुळगुळीतच असणार.
तेवढ्यात चहा आला. चहा आणणारा शिपाई सिकंदर, आमच्याच तालमीचा. तो हसला. मीही हसलो.
रजिस्ट्रेशन रद्द.
चूक माझी नाही. लॅपटॉप जुना. चोवीस लाटा असत्या तर मॅडमनी तोंड उघडलं नसतं.
घरी सांगितलं, कमिटी विचार करतेय.

१९ नोव्हेंबर
चौकातून जाणं बंद. मागच्या बोळाने जातो. तिथेही इस्त्रीवाला ‘काय डॉक्टर’ म्हणतो. लाज वाटते. मग त्याचाच राग येतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ७
उजाडता उजाडता शिडी आणि विळा घेऊन चौकात गेलो. फ्लेक्सची एक दोरी कापली. खालून वस्तादांचा आवाज: सर, उतरा, पडशीला. पोरं काढत्यात.
म्हटलं, तसं नाही, निकाल अजून... ते म्हणाले, सोमवारीच कळलंय. सिकंदर बोलला.
मग पाच दिवस ठेवला कशाला? म्हणाले, तुमच्या म्होरं कसा काढायचा? आपणहून येशीला तवा काढू म्हटलं. समद्यास्नी सांगून ठेवलंतं, हाक डॉक्टर म्हणूनच मारायची.
उतरेपर्यंत शिडी त्यांनीच धरली.
घरी येऊन क्रांतीला सगळं सांगून टाकलं. ती भाकरी थापत होती. विचारलं, तुलाही सोमवारीच कळलं का? म्हणाली, न्हाय, मला तिसऱ्या वर्षीच कळलंतं.
मग बोलली का नाहीस? म्हणाली, टेबलाशी बसला की तुम्ही लई खुशीत असायचा.
म्हटलं, आता? ती म्हणाली, आता जेवून कॉलेजला जावा, आठचं लेक्चर हाय.