दगडावर काय कोरायचं

बेळगाव छावणी,
५ मे १९७४

तीर्थरूप आबा आणि आई, सोपान तुमच्या पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा हाय, काळजी नसावी. शेळी व्याली का?

पणजोबा महिपतीबाबा कोणती लढाई मारून घरी आले, ते त्यांच्या समाधीवर कोरायचं म्हणून तुमी विचारलं होतं. पलटणीच्या जुन्या वहीत पणजोबांचं नाव महिन्यामागंच सापडलं. कळवायला तोंड न्हवतं. लढाई न्हाईच, आबा. १८७७ च्या दुष्काळात ते न विचारता पलटण सोडून घरी पळाले, म्हणून नाव काढून टाकलं. एवढीच ओळ हाय.

चार दिवस मान वर झाली न्हाय. सोबत्यांपुढं लई फुशारकी मारली होती की.

मग आठवलं. बहात्तरच्या दुष्काळात माझी रजा मंजूर होती. बढती हुकंल म्हणून मीच आलो न्हाय. एका दिवसाची एस.टी.ची वाट. तितं आई खडी फोडत होती, आणि मी हितं दोन वेळ पोटभर जेवत होतो.

तिच्या हाताचे घट्टे गेले का?

दगडावर लढाई नको. ‘दुष्काळात घरी आले’ एवढंच कोरा. रजेवर आल्यावर त्या दगडापुढं उभं राहणं मला जड जाईल. तरी तेच कोरा.

तुमचा,
सोपान